इग्नाझ सेमेलवाइस

इग्नाझ फिलिप सेमेलवाइस (जन्म : १ जुलै १८१८, बुडा, हंगेरी, मृत्यू : १३ ऑगस्ट १८६५, व्हिएन्ना, ऑस्ट्रिया) हे हंगेरियन वैद्यक व प्रसूतितज्ज्ञ होते. प्रसूतीनंतर स्त्रियांना होणारा प्राणघातक ज्वर हा बहुतांशी डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी यांच्या अस्वच्छ हातांतून पसरतो, हे त्यांनी १८४७ मध्ये व्हिएन्ना येथे दाखवून दिले. क्लोरीनयुक्त द्रावणाने हात धुण्याची सक्ती करून त्यांनी आपल्या विभागातील मृत्युदर कमालीचा खाली आणला. रोगजंतूंचा सिद्धांत तेव्हा प्रस्थापित झालेला नव्हता. शिवाय या शोधाचा स्वीकार म्हणजे आजवरच्या मृत्यूंना आपण कारणीभूत होतो याची कबुली होती. त्यामुळे तत्कालीन वैद्यकविश्वाने त्यांच्या मताला दीर्घकाळ विरोध केला. रुग्णाला अपाय न करण्याचे कर्तव्य, रुग्णांवर चालणारे शिक्षण, स्वतःची चूक मान्य करणे आणि व्यावसायिक प्रतिष्ठा यांच्यातील संघर्षाचे उदाहरण म्हणून त्यांचे चरित्र वैद्यकीय नीतिशास्त्राच्या अभ्यासात आजही चर्चिले जाते.

बालपण आणि शिक्षण

सेमेलवाइस यांचा जन्म बुडा शहरातील ताबान या भागात झाला. पुढे बुडा, ओबुडा आणि पेस्ट ही शहरे एकत्र होऊन १८७३ मध्ये बुडापेस्ट हे शहर अस्तित्वात आले. त्यांचे वडील योझेफ हे किराणा मालाचे सधन व्यापारी होते. आईचे नाव तेरेझ म्युलर. कुटुंब जर्मनवंशीय होते आणि घरात जर्मन बोलीचा वापर होता.

१८३७ मध्ये सेमेलवाइस यांनी कायद्याच्या शिक्षणासाठी व्हिएन्ना विद्यापीठात प्रवेश घेतला. परंतु वर्षभरातच ते वैद्यकशास्त्राकडे वळले. १८४४ मध्ये त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली व त्याच सुमारास त्यांनी प्रसूतिशास्त्राचेही शिक्षण पूर्ण केले. विकृतिशास्त्रज्ञ कार्ल फॉन रोकिटान्स्की, छातीच्या विकारांचे तज्ज्ञ योझेफ स्कोडा आणि त्वचारोगतज्ज्ञ फर्डिनांड फॉन हेब्रा यांचा त्यांच्यावर प्रभाव पडला. मृत्यूनंतर शवविच्छेदन करून रोगाचे मूळ शोधावे आणि आकडेवारीच्या आधारे निष्कर्ष तपासावेत, ही व्हिएन्नातील नव्या वैद्यकाची शिस्त त्यांनी आत्मसात केली.

व्हिएन्नातील दोन प्रसूतिविभाग

१ जुलै १८४६ रोजी व्हिएन्ना सार्वजनिक रुग्णालयाच्या पहिल्या प्रसूतिविभागात प्राध्यापक योहान क्लाइन यांचे सहायक म्हणून सेमेलवाइस यांची नेमणूक झाली. प्रसूतिविभागात येणाऱ्या स्त्रिया बहुधा गरीब, मोलमजुरी करणाऱ्या किंवा अविवाहित असत. त्यांना विनामूल्य उपचार मिळत. त्याच्या मोबदल्यात शिकाऊ डॉक्टर व सुइणी यांच्याकडून तपासणी करून घेणे त्यांना भाग असे.

१८४० पासून या रुग्णालयात शिक्षणाची विभागणी झाली होती. पहिल्या विभागात वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि दुसऱ्या विभागात सुइणींना प्रशिक्षण मिळे. दोन्ही विभागांत स्त्रियांना आळीपाळीने ठरावीक दिवशी दाखल केले जाई. इमारत, आहार आणि उपचारपद्धती यांत फारसा फरक नव्हता; मृत्युदरात मात्र मोठी तफावत होती. १८४१ ते १८४६ या सहा वर्षांत पहिल्या विभागात २०,०४२ प्रसूतींमागे १,९८९ स्त्रियांचा मृत्यू झाला, म्हणजे प्रमाण सुमारे ९.९ टक्के होते. दुसऱ्या विभागात १७,७९१ प्रसूतींमागे ६९१ मृत्यू झाले. तेथील प्रमाण ३.९ टक्के होते. एकट्या १८४६ मध्ये हे आकडे अनुक्रमे ११.४ आणि २.८ टक्के असे होते.

ही गोष्ट शहरात सर्वश्रुत होती. पहिल्या विभागाच्या दिवशी दाखल व्हावे लागू नये म्हणून स्त्रिया गयावया करीत. रुग्णालयाबाहेर, वाटेतच बाळंत होऊन नंतर दाखल झालेल्या स्त्रियांमध्ये या ज्वराचे प्रमाण कमी आहे, हेही सेमेलवाइस यांच्या लक्षात आले. ज्यांना वैद्यकीय मदत मिळाली नव्हती, त्याच अधिक सुरक्षित होत्या.

कारणांचा शोध

प्रसूतिज्वर हा वातावरणातील दूषित प्रभावामुळे होतो, असे तेव्हा सर्वसाधारणपणे मानले जाई. परंतु एकाच रुग्णालयातील, एकाच हवेतील दोन विभागांमध्ये इतका फरक का, याचे उत्तर या मतातून मिळत नव्हते. सेमेलवाइस यांनी एकेक कारण तपासून बाद केले. गर्दी हे कारण म्हणावे, तर अधिक गर्दी दुसऱ्या विभागात असे. मरणासन्न स्त्रीला अंतिम संस्कार देण्यासाठी घंटा वाजवीत येणाऱ्या धर्मगुरूच्या भीतीने ज्वर होत असेल, अशी एक कल्पना होती. घंटा बंद करून पाहिल्यावरही मृत्यू थांबले नाहीत. दुसऱ्या विभागाप्रमाणे प्रसूतीच्या वेळी स्त्रीला कुशीवर झोपविण्याची पद्धत अवलंबूनही फरक पडला नाही.

विद्यार्थी तपासणी करताना राकटपणा करतात, असा निष्कर्ष एका चौकशी समितीने काढला व विद्यार्थ्यांची संख्या कमी करण्यात आली. त्याने काही काळ मृत्यू घटले आणि पुन्हा वाढले.

ऑक्टोबर १८४६ मध्ये पूर्वीचे सहायक परतल्यामुळे सेमेलवाइस यांना काही महिने पद सोडावे लागले. २० मार्च १८४७ रोजी ते पुन्हा रुजू झाले. त्याच सुमारास त्यांचे मित्र व न्यायवैद्यकाचे प्राध्यापक याकोब कोलेच्का यांचे निधन झाल्याचे त्यांना समजले. शवविच्छेदन चालू असताना एका विद्यार्थ्याच्या सुरीने कोलेच्का यांच्या बोटाला इजा झाली होती व त्यातून त्यांना विषबाधा झाली होती. त्यांच्या शवविच्छेदनाच्या अहवालातील बदल हे प्रसूतिज्वराने दगावलेल्या स्त्रियांच्या शरीरातील बदलांसारखेच होते.

या साम्यावरून सेमेलवाइस यांना कोडे उलगडले. पहिल्या विभागातील डॉक्टर व विद्यार्थी सकाळी शवागारात विच्छेदन करीत आणि तेथून थेट प्रसूतिकक्षात येऊन स्त्रियांची अंतर्गत तपासणी करीत. साबणाने हात धुतले तरी हातांना शवाचा वास येत राही. कोलेच्का यांच्या शरीरात सुरीने जे द्रव्य शिरले, तेच स्त्रियांच्या शरीरात तपासणाऱ्या हातांनी शिरत होते. दुसऱ्या विभागातील सुइणींच्या प्रशिक्षणात शवविच्छेदन नव्हते. म्हणून तेथे मृत्यू कमी होते.

हात धुण्याची सक्ती

मे १८४७ च्या मध्यापासून सेमेलवाइस यांनी प्रसूतिकक्षात प्रवेश करण्यापूर्वी क्लोरीनच्या द्रावणाने हात धुणे प्रत्येक डॉक्टर आणि विद्यार्थ्याला बंधनकारक केले. पुढे खर्च कमी करण्यासाठी क्लोरीनयुक्त चुन्याचा वापर सुरू झाला. शवाचा वास नाहीसा होतो, एवढाच हे द्रव्य निवडण्यामागील आधार होता. सूक्ष्मजीवांची कल्पना त्यामागे नव्हती.

एप्रिल १८४७ मध्ये पहिल्या विभागात ३१२ प्रसूतींमागे ५७ स्त्रिया दगावल्या होत्या, म्हणजे प्रमाण १८.३ टक्के होते. जून महिन्यात ते २.२ टक्के, जुलैमध्ये १.२ टक्के आणि ऑगस्टमध्ये १.९ टक्के झाले. १८४८ या पूर्ण वर्षात ३,५५६ प्रसूतींमागे ४५ मृत्यू झाले. १.२७ टक्के हे प्रमाण दुसऱ्या विभागापेक्षाही किंचित कमी होते. त्या वर्षातील मार्च आणि ऑगस्ट या दोन महिन्यांत पहिल्या विभागात प्रसूतिज्वराने एकही स्त्री दगावली नाही.

ऑक्टोबर १८४७ मध्ये मात्र एक दुर्घटना घडली. गर्भाशयाचा कर्करोग असलेली एक स्त्री प्रसूतिकक्षातील पहिल्या खाटेवर दाखल झाली. तपासणी तिच्यापासून सुरू होऊन क्रमाने पुढे जात असे. शवागारातून आल्यावर सर्वांनी हात धुतले होते. परंतु एका स्त्रीकडून दुसरीकडे जाताना क्लोरीनचा वापर केला गेला नव्हता. तिच्यासोबत प्रसूत झालेल्या १२ स्त्रियांपैकी ११ दगावल्या. घातक द्रव्य केवळ मृतदेहातूनच नव्हे, तर जिवंत रुग्णाच्या स्रावातूनही पसरते, हे यातून सेमेलवाइस यांना उमगले. त्यानंतर प्रत्येक तपासणीआधी हात धुण्याचा नियम करण्यात आला आणि स्राव होत असलेल्या रुग्णांना वेगळे ठेवले जाऊ लागले.

शिक्षण आणि रुग्णाची सुरक्षितता

या शोधातून वैद्यकीय शिक्षणातील एक अडचणीचा प्रश्न पुढे आला. क्लाइन यांच्या आधीचे प्राध्यापक योहान लुकास बोएर हे विद्यार्थ्यांना प्रसूतीची कौशल्ये शवांऐवजी प्रतिकृतींवर शिकवीत. त्यांच्या कारकिर्दीत मृत्युदर बराच कमी होता. १८२० च्या दशकात क्लाइन यांनी सूत्रे हाती घेतल्यावर शवांवरील प्रशिक्षण सुरू झाले आणि मृत्यू वाढत गेले. शरीररचना व विकृती यांचे ज्ञान शवविच्छेदनाशिवाय मिळत नव्हते आणि व्हिएन्नाच्या वैद्यकाची कीर्ती याच ज्ञानावर उभी होती. म्हणजे ज्या अभ्यासामुळे डॉक्टर अधिक जाणकार होत होता, त्याच अभ्यासामुळे तो गरीब बाळंतिणींसाठी अधिक धोकादायक ठरत होता. सेमेलवाइस यांनी शवविच्छेदन बंद केले नाही. शिक्षण आणि रुग्ण यांच्यामध्ये त्यांनी हात धुण्याची पायरी आणून ठेवली.

हाच धोका त्यांना स्वतःलाही लागू होता. ते रोज सकाळी विभागात दगावलेल्या स्त्रियांचे शवविच्छेदन करीत आणि नंतर प्रसूतिकक्षात जात. १८४७ च्या सुरुवातीचे तीन महिने ते पदावर नसताना मृत्युदर दोन ते चार टक्क्यांच्या दरम्यान होता. ते परतल्यानंतरच्या पहिल्याच पूर्ण महिन्यात तो १८ टक्क्यांवर गेला. अभ्यासात आपल्याइतका वेळ शवांसोबत घालविणारे प्रसूतितज्ज्ञ थोडेच असतील आणि म्हणून आपल्या हातून अकाली गेलेल्या स्त्रियांची संख्या ईश्वरालाच ठाऊक, अशा आशयाची कबुली त्यांनी पुढे आपल्या ग्रंथात दिली. ही गोष्ट कितीही वेदनादायक असली, तरी दडवून ठेवल्यास अनर्थ कायम राहील, अशी त्यांची भूमिका होती.

अशी कबुली किती जड जाऊ शकते, याचे उदाहरण जर्मनीतील कील येथील प्रसूतितज्ज्ञ गुस्टाव्ह आडोल्फ मिखाएलिस यांच्या रूपाने दिसले. व्हिएन्नातील पद्धतीची माहिती मिळताच त्यांनी आपल्या रुग्णालयात क्लोरीनचा वापर सुरू केला व त्याचा लाभही त्यांना दिसून आला. परंतु त्यांची एक जवळची नातेवाईक त्याआधी त्यांच्याच हातून प्रसूत होऊन ज्वराने दगावली होती. तिच्या मृत्यूला आपणच कारण झालो, या जाणिवेने ते खचले आणि १८४८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

विरोध आणि व्हिएन्नाचा त्याग

सेमेलवाइस यांनी आपले निष्कर्ष सुरुवातीला स्वतः प्रसिद्ध केले नाहीत. डिसेंबर १८४७ आणि एप्रिल १८४८ मध्ये हेब्रा यांनी व्हिएन्नाच्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांची माहिती दिली. १८४९ मध्ये स्कोडा यांनी त्यावर व्याख्यान दिले. सेमेलवाइस यांनी स्वतः व्हिएन्नाच्या वैद्यकीय संस्थेसमोर १८५० मध्ये मांडणी केली. परंतु ते व्याख्यान लेखस्वरूपात दिले नाही. या दिरंगाईमुळे परदेशात त्यांच्या मताची अर्धवट माहिती पोहोचली. केवळ शवातील द्रव्य हेच ज्वराचे एकमेव कारण असल्याचे त्यांचे म्हणणे आहे, असा समज झाला.

विरोधाची कारणे एकाच प्रकारची नव्हती. एका रोगाला एकच आवश्यक कारण असते, हे मत तेव्हाच्या वैद्यकीय विचारांशी जुळणारे नव्हते. हातावरील अदृश्य द्रव्य मृत्यू कसा घडविते, याचे स्पष्टीकरण सेमेलवाइस यांच्याकडे नव्हते. ज्वर संसर्गाने पसरतो हे मत अ‍ॅबर्डीनचे अलेक्झांडर गॉर्डन यांनी १७९५ मध्ये आणि बॉस्टनचे ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८४३ मध्ये मांडले होते. म्हणून काहींना यात नवे काहीच दिसले नाही. क्लाइन यांच्यासारख्यांच्या दृष्टीने हा आपल्या कारभारावरील आरोपच होता. सुसंस्कृत डॉक्टरांचे हात रोग पसरवितात, ही कल्पनाच अनेकांना अपमानास्पद वाटली.

१८४८ मध्ये युरोपात क्रांतीची लाट उसळली. हंगेरीच्या स्वातंत्र्यलढ्यामुळे व्हिएन्नातील हंगेरियन लोकांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. मार्च १८४९ मध्ये सेमेलवाइस यांची मुदत संपली व ती वाढविण्यात आली नाही. त्यांच्या जागी कार्ल ब्राउन यांची नेमणूक झाली. १८५० मध्ये सेमेलवाइस यांना अध्यापनाची परवानगी मिळाली, पण ती केवळ प्रतिकृतींवर शिकविण्यापुरती होती. काही दिवसांतच पाठीराख्या मित्रांनाही न कळविता त्यांनी व्हिएन्ना सोडले.

पेस्टमधील कार्य

मे १८५१ मध्ये पेस्ट येथील सेंट रोकुस रुग्णालयाच्या प्रसूतिविभागाचे प्रमुखपद त्यांनी विनावेतन स्वीकारले. तेथे सहा वर्षांत ९३३ प्रसूती झाल्या व प्रसूतिज्वराने ८ स्त्रिया दगावल्या. हे प्रमाण एक टक्क्यापेक्षा कमी होते. १८५५ मध्ये पेस्ट विद्यापीठात ते प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. विद्यापीठाच्या रुग्णालयात न धुतलेल्या चादरींमुळे पुन्हा ज्वर उद्भवला, तेव्हा स्वच्छ कापडांसाठी त्यांना प्रशासनाशी झगडावे लागले. १८५७ मध्ये झुरिच येथून आलेले प्राध्यापकपद त्यांनी नाकारले. त्याच वर्षी त्यांचा विवाह मारिया वाइडनहोफर यांच्याशी झाला. त्यांना पाच अपत्ये झाली. त्यांतील दोन बालपणीच दगावली.

ग्रंथ आणि खुली पत्रे

१८५८ मध्ये 'ओर्वोशी हेतिलाप' या हंगेरियन वैद्यकीय साप्ताहिकात त्यांनी आपले मत सविस्तर मांडले. प्रसूतिज्वराचे कारण, स्वरूप व प्रतिबंध यांवरील त्यांचा जर्मन ग्रंथ १८६० मध्ये बाहेर पडला. त्यावर १८६१ हे वर्ष छापलेले आहे. ग्रंथातील तक्ते आणि युक्तिवाद भक्कम होते. परंतु पुनरुक्ती व विरोधकांवरील टीका यांमुळे तो वाचकांना जड वाटला. ग्रंथाला अपेक्षित प्रतिसाद मिळाला नाही. बर्लिनचे विख्यात विकृतिशास्त्रज्ञ रुडोल्फ फिर्खो यांनीही हे मत मान्य केले नाही.

१८६१ आणि १८६२ मध्ये सेमेलवाइस यांनी श्पेट, स्कान्झोनी, झीबोल्ड इत्यादी प्राध्यापकांना उद्देशून खुली पत्रे प्रसिद्ध केली. प्रतिबंधाचा उपाय माहीत असूनही विद्यार्थ्यांना चुकीचे शिकविणारा शिक्षक हा हत्येचा भागीदार आहे, असा थेट आरोप त्यांनी केला. त्यांच्या मते मौन बाळगणे म्हणजे रोज नव्या मृत्यूंना संमती देणे होते. या भाषेमुळे तटस्थ असलेले काही जणही दुरावले. ज्यांचे मन वळवायचे आहे त्यांनाच गुन्हेगार ठरविणे योग्य होते का, हा त्यांच्या चरित्रकारांमधील वादाचा विषय आहे.

अखेर

१८६१ नंतर सेमेलवाइस यांच्या प्रकृतीत बदल दिसू लागले. उदासी, विस्मरण, चिडचिड आणि वर्तनातील विसंगती वाढत गेली. या आजाराविषयी उपदंशाचा मज्जासंस्थेवरील परिणाम, अल्झायमर रोग, तीव्र मानसिक ताण अशी वेगवेगळी अनुमाने केली जातात. १८६५ च्या जुलैमध्ये पेस्टमधील त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी त्यांना मनोरुग्णालयात पाठविण्याची शिफारस केली. त्यांपैकी कोणीही मनोविकारतज्ज्ञ नव्हते. त्यांना व्हिएन्नाला नेण्यात आले. जुने मित्र हेब्रा यांनी नवे रुग्णालय दाखविण्याच्या निमित्ताने त्यांना मनोरुग्णालयात पोहोचविले. खरा प्रकार लक्षात आल्यावर त्यांनी निसटण्याचा प्रयत्न केला, तेव्हा रक्षकांनी बळाचा वापर केला आणि त्यात त्यांना गंभीर मारहाण झाली.

१३ ऑगस्ट १८६५ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी, चिघळलेल्या जखमेतून रक्तात पसरलेल्या पूयदोषामुळे त्यांचे निधन झाले. कोलेच्का आणि प्रसूतिकक्षातील स्त्रिया ज्या प्रकारच्या विकाराने दगावल्या होत्या, त्याच प्रकारच्या विकाराने त्यांचा अंत झाला. त्यांचे शवविच्छेदन व्हिएन्ना सार्वजनिक रुग्णालयातच करण्यात आले. अंत्यविधीला मोजकीच माणसे उपस्थित होती.

मान्यता आणि वारसा

सेमेलवाइस यांच्या मृत्यूच्या आदल्या दिवशी, १२ ऑगस्ट १८६५ रोजी, ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर यांनी एका मुलाच्या अस्थिभंगाच्या जखमेवर कार्बॉलिक आम्लाचा प्रयोग सुरू केला. त्यातून पूतिरोधक शस्त्रक्रियेचा पाया घातला गेला. लुई पाश्चर यांनी १८७९ मध्ये प्रसूतिज्वराच्या रुग्णांमध्ये साखळीच्या आकाराचे जंतू दाखवून दिले. रोगजंतूंच्या सिद्धांतामुळे सेमेलवाइस यांच्या निरीक्षणांना हवे असलेले स्पष्टीकरण मिळाले.

१८९१ मध्ये त्यांचे अवशेष बुडापेस्टला आणण्यात आले. ताबान भागातील त्यांच्या जन्मघरात आज वैद्यकीय इतिहासाचे संग्रहालय असून त्यांचे अवशेष तेथे ठेवलेले आहेत. बुडापेस्टच्या वैद्यकीय विद्यापीठाला १९६९ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. त्यांच्या शोधाशी संबंधित कागदपत्रांचा समावेश २०१३ मध्ये युनेस्कोच्या 'जागतिक स्मृती' नोंदवहीत झाला. प्रस्थापित समजुतीला धक्का देणारा पुरावा विचार न करताच झिडकारण्याच्या प्रवृत्तीला इंग्रजी लेखनात सेमेलवाइस यांच्या नावाने ओळखले जाते.

त्यांचे मत सर्वांशी बरोबर नव्हते. सडणारे सेंद्रिय द्रव्य हेच ज्वराचे कारण आहे असे ते मानीत आणि काही थोड्या रुग्णांमध्ये ते द्रव्य शरीरातच निर्माण होते, असेही त्यांचे म्हणणे होते. विशिष्ट जंतूची कल्पना त्यांनी मांडली नव्हती. मात्र उपचार करणाऱ्यानेच आपल्या उपचारांच्या परिणामांची मोजदाद करावी, आकडे आपल्याविरुद्ध गेले तरी ते जाहीर करावेत आणि रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी हात स्वच्छ करावेत, या गोष्टी आज जगभरातील रुग्णालयांच्या नियमांचा भाग आहेत. नव्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना रुग्णाच्या खाटेजवळ जाण्यापूर्वी हात धुण्याची पद्धत शिकविली जाते, तेव्हा बहुधा सेमेलवाइस यांचा उल्लेख होतो.